आईला तेल कोण लावणार?



गेल्या काही महिन्यांत या सदराच्या वाचकांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. "आईला पंचाहत्तर पूर्ण होताहेत, काय करावं?" "बाबा ऐंशीचे होणार, पण त्यांना कशाचीच हौस नाही, द्यायचं तरी काय?" प्रश्न अगदी खरा आहे. या वयाच्या माणसांचं कपाट साड्यांनी आधीच भरलेलं असतं. सोनं द्यावं तर ते दुसऱ्या दिवशी नातीच्या नावानं डब्यात जातं. मोबाईल द्यावा तर "हा जुना काय वाईट आहे?" म्हणून नवा खोक्यातच राहतो.

आपल्याकडे वय वाढल्याचा सोहळा करायची जुनी रीत आहे. साठीला उग्ररथ शांती, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री, आणि ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन. या शेवटच्या सोहळ्यामागे साधा हिशेब आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस धरले, तर एक हजार पौर्णिमा व्हायला 80 वर्षं आणि सुमारे 10 महिने लागतात. हजार वेळा पूर्ण चंद्र उगवलेला पाहिलेला माणूस! कल्पनाच किती सुंदर आहे. पण या सोहळ्यांत उत्सवमूर्तीच्या वाट्याला नेमकं काय येतं? सकाळपासून पाटावर बसणं, होमाचा धूर, दीडशे लोकांचे नमस्कार, आणि संध्याकाळी सुजलेले पाय.

म्हणून यंदा आमच्या घरी काय केलं ते सांगते. त्यातून तुम्हाला काही उपयोगी सापडलं तर घ्या.

वाढदिवस नक्की कधी?

माझ्या आईचं माहेर चंदगडचं, सासर बेळगावच्या शहापुरातलं. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख 1 जून आहे. तिच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहून टाकली. खरा जन्म 1950 च्या मार्गशीर्षातला, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशीचा. त्यामुळे तिचा वाढदिवस आम्ही तिथीनंच करतो, आणि तिथीचा दिवस कोणता ते दरवर्षी कॅलेंडरात शोधावं लागतं.

दादाच्या मनात हॉल घ्यायचा होता. नातेवाईक, गल्लीतली मंडळी, बाबांचे जुने सहकारी, सगळ्यांना बोलवायचं, जेवणात कुंदा ठेवायचा, असा त्याचा बेत. बेत प्रेमाचाच होता. पण बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आई त्या दोन वर्षांत हळूहळू कमी बोलायला लागली होती. आजारी नव्हती. जेवायची, देवपूजा करायची, गोळ्या वेळेवर घ्यायची. पण विचारलं तेवढंच उत्तर द्यायची, आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. अशा माणसाला स्टेजवरच्या खुर्चीत तीन तास बसवायचं कसं?

वाट सुचवली ती वहिनीनं. म्हणाली, "आईंना कुठंतरी शांत ठिकाणी दोन दिवस नेऊन आणा. अंगाला तेल लावतात, डोक्यावर धार सोडतात, तसलं. त्यांचे गुडघे, खांदे रोज दुखतात. मला दाखवत नाहीत, पण उठताना कळतंय की." सासूचे गुडघे सुनेला जितके कळतात तितके लेकीला कळत नाहीत, कारण सून रोजचं उठणं-बसणं बघते.

"मी काय बाळंतीण आहे?"

आईला सांगितल्यावर पहिलं वाक्य आलं, "कशाला एवढा खर्च करालीस गं?" ते अपेक्षितच होतं. दुसरं वाक्य मात्र अपेक्षित नव्हतं. "परक्या बाईकडून अंग चोळून घ्यायचं? मी काय बाळंतीण आहे?"

आम्ही सगळे हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आपल्या घरांत बाईच्या अंगाला दुसऱ्याच्या हातानं तेल लागतं ते कधी? लहानपणी, लग्नाच्या हळदीला, आणि बाळंतपणात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तीच पहाटे उठून सगळ्यांना तेल-उटणं लावते, आणि स्वतः शेवटी घाईघाईनं दोन तांबे अंगावर घेते. आमच्या आईनं तर गल्लीतल्या कितीतरी बाळांना पायांवर घेऊन न्हाऊ घातलं आहे. तिच्या पायांवर खेळलेली मुलं आज स्वतःच्या मुलांना शाळेत सोडतात. पण तिच्या स्वतःच्या पाठीवर कुणी हात फिरवला, असं आठवायला गेलं तर फार मागं जावं लागतं.

'स्पा' हा शब्द आपल्याकडे उगाच श्रीमंती थाटाचा झाला आहे. मुळात स्पा हे बेल्जियममधल्या एका गावाचं नाव. तिथल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांमुळे ते प्रसिद्ध झालं आणि त्याच्यावरून हा शब्द जगभर पसरला. आपल्याकडे राजापूरजवळ उन्हाळ्याला, संगमेश्वरजवळ तुरळ-राजवाडीला, तिकडे वज्रेश्वरीला लोक गरम पाण्याच्या कुंडात हात-पाय शेकायला कित्येक पिढ्या जात आले आहेत. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसाला 'स्पाला चल' म्हटलं तर लाजेल, पण 'ऊन पाण्याला जाऊया' म्हटलं तर पिशवी भरून तयार होईल. आईलाही मी स्पा हा शब्द कळू दिला नाही. "मंगेशीला जाऊन येऊ, आणि तिथंच एका वैद्यांना गुडघे दाखवू," असं सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि मंगेशीचं नाव ऐकल्यावर खर्चाचा मुद्दा मागं पडला.

चोर्ल्याच्या वाटेनं

समुद्राकाठची मोठी हॉटेलं मी आधीच बाजूला ठेवली. डिसेंबरात तिथं गर्दी, आणि रात्री उशिरापर्यंत गाणी. फोंड्याच्या बाजूला एका कुळागरात, म्हणजे सुपारी-मिरीच्या बागायतीत, एक लहानसं आयुर्वेदिक केंद्र मिळालं. मोजक्या खोल्या, सगळ्या तळमजल्यावर, आणि मुख्य म्हणजे तिथं राहणारे वैद्य. सोमवारी निघायचं, मंगळवार तिथं काढायचा, बुधवारी, म्हणजे वाढदिवशी, दुपारी जेवून परत फिरायचं. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. "घट मांडायला मी घरात पाहिजे," ही आईची एकमेव अट होती.

जांबोटी सोडलं की झाडी दाट होते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. तिथं माउलीच्या देवळात थांबून आईनं ओटी भरली. घाट उतरून साखळीकडे लागलो तोवर ती गाडीत बरीच बोलकी झाली होती. चंदगडची बोली कोकणीच्या अगदी शेजारची आहे. केंद्रातल्या स्वयंपाकघरातली बाई कोकणीत बोलायला लागली आणि आई तिला माहेरच्या बोलीत उत्तरं द्यायला लागली. बेळगावला आल्यापासून ती बोली तिच्या तोंडून मी फार क्वचित ऐकली होती. कुळथाच्या साराला कशाची फोडणी द्यावी यावर दोघींचा चांगला अर्धा तास गेला.

वैद्यबाईंनी आधी नाडी बघितली, मग रक्तदाब मोजला, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी मागून नीट वाचली. गुडघे वाकवून बघितले. मग स्पष्ट सांगितलं, "आजी, दोन दिवसांत गुडघ्याची झीज भरून येणार नाही. पण आखडलेले स्नायू सैल होतील, झोप चांगली लागेल. चालेल?" मला हे बोलणं फार आवडलं. जी जागा दोन दिवसांत सांधेदुखी मुळापासून घालवायचं वचन देते, तिथून आल्या पावली परत फिरावं.

तेलाची खोली

पहिल्या दिवशी आईनं अट घातली की मी खोलीतच बसायचं, पण पाठ करून. तशी मी बसले. तेल लावणारी मुलगी केरळची, मराठीचा गंध नसलेली, हिंदी तोडकी. आईची हिंदी म्हणजे बेळगावची हिंदी. पहिली पाच मिनिटं आईच तिला शिकवत होती. "तेल गरम किया ना? हातपे डालके देखो पहले." "खांदा ऐसा नै, गोल गोल फिराव." ती पोर हसत हसत हो म्हणत होती. मग सूचना कमी होत गेल्या. मग एकदा नुसतंच "हां, उधरच" ऐकू आलं. आणि मग काहीच नाही. थोड्या वेळानं आईच्या घोरण्याचा आवाज आला.

ती मुलगी पायांपाशी बराच वेळ होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा असं सांगितलं आहे, आणि सगळ्या अंगाला जमलं नाही तरी डोकं, कान आणि तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावं, असंही आहे. आपल्या आज्या कानात तेल, टाळूवर तेल आणि रात्री तळपायाला तेल लावायच्या ते याच परंपरेतून आलेलं. वाफ फक्त पाच मिनिटं दिली, कारण आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. अंगावरचं तेल काढायला मुगाचं पीठ दिलं. त्यावर आईचा शेरा, "एवढे पैसे घेऊन शेवटी डाळीचं पीठच की!"

दुसऱ्या दिवशी, वाढदिवसाच्या सकाळी, शिरोधारा होती. कपाळावर कोमट तेलाची बारीक धार अर्धा तास एका लयीत सोडत राहतात. आदल्या दिवशी मला खोलीत बसवणारी आई त्या दिवशी म्हणाली, "तू जा बाहेर, फिरून ये." बाहेर आली तेव्हा डोक्याला पंचा गुंडाळलेला, चेहरा तुकतुकीत, आणि चालताना हात माझ्या खांद्यावर.

त्याच्या आदल्या रात्रीचं एक बोलणं इथं सांगायला हवं, कारण हा लेख त्याच्यासाठीच लिहिते आहे. दिवा मालवल्यावर ती अंधारात म्हणाली, "माझ्या आईनं लग्नाआधी न्हाऊ घातलेलं. मग दादाच्या वेळी आणि तुझ्या वेळी, बाळंतपणात. त्यानंतर आजच." मी गप्प राहिले. थोड्या वेळानं ती परत म्हणाली, "तुझे बाबा होते तोवर रात्री पाय दुखले तर दाबून द्यायचे. कुणाला सांगायचं नाही, असं म्हणायचे. ते गेल्यापासून अंगाला माणसाचा हात असा लागलाच नाही बघ. दवाखान्यात तो पट्टा बांधतात तेवढाच."

घरात तिची कुणी आबाळ केलेली नव्हती. वहिनी वेळेवर गरम जेवण देते, दादा औषधं आणतो, नातवंडं आजी-आजी करतात. पण तिच्या या बोलण्यावर विचार करून बघा. मोठ्या माणसांना आपण स्पर्श करतो तो कधी? वाकून नमस्कार करताना, आणि आजारपणात. पायाला बोटं लागतात आणि आपण उभे राहतो. जोडीदार गेला की त्या माणसाच्या आयुष्यातला रोजचा, विनाकारण होणारा स्पर्श संपतो. ही गोष्ट इतकी गुपचूप संपते की त्याबद्दल कुणाकडे तक्रारही करता येत नाही. "मला कुणी जवळ घेत नाही," असं कोणती पंचाहत्तरीची बाई म्हणेल?

बाळाला लागू ते आजीला लागू

स्पर्शाचं महत्त्व आपल्याला बाळांच्या बाबतीत चांगलं ठाऊक आहे. 1986 मध्ये मायामीत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बाळांना रोज ठरावीक वेळ हळुवार चोळलं, त्यांचं वजन इतर बाळांपेक्षा 47 टक्के जास्त वेगानं वाढलं. आपल्या सुईणींना यात नवल वाटलं नसतं.

पुढे शास्त्रज्ञांना माणसाच्या त्वचेत असे मंद चेतातंतू आढळले, जे हळुवार कुरवाळण्याला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटीमीटर या गतीनं, अंगाच्या उबेइतक्या उबदार हातानं केलेला स्पर्श त्यांना विशेष जाणवतो. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तीच ही गती. हे तंतू बाळपणी असतात आणि म्हातारपणी नाहीसे होतात असं काही नाही. बाळाला तेल लावायला आपण बाई ठेवतो, आणि आजीला मात्र तेलाची बाटली हातात देतो.

नेण्याआधी हे बघा

आता कामाचं बोलू. साठी ओलांडलेल्या माणसाला अशा ठिकाणी न्यायचं असेल तर थोडी चौकशी आधी करावी लागते.

पहिलं म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर जोरानं दाबल्यावर काळे-निळे डाग पडतात. हाडं ठिसूळ झाली असतील तर जोराचा दाब आणि कडकड बोटं मोडणं नकोच. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर पाणी किंवा शेक किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजतं. एकाच पोटरीला सूज, लाली, दुखणं असेल तर ती चोळायची नाही, आधी डॉक्टरांना दाखवायची, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ताप, अपचन, नुकतंच झालेलं ऑपरेशन, उघडी जखम असताना तेल लावू नये.

दुसरं, वाफ. गरम वाफेनं रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, आणि एकदम उभं राहिल्यावर भोवळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाफ थोडी घ्यावी किंवा घेऊच नये. हृदयविकार असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाहीच.

तिसरं, शब्दांना फसू नका. पंचकर्म म्हणजे वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण. ती वैद्यांच्या देखरेखीखाली, पथ्यानं करायची चिकित्सा आहे. तेल लावणं आणि वाफ देणं ही तिची पूर्वतयारी. 'दोन दिवसांत संपूर्ण पंचकर्म' अशी पाटी असेल तर तिथं काय करतात ते आधी विचारा. आईला जे हवं होतं ते पंचकर्म नव्हतं. तिला अभ्यंग आणि विश्रांती हवी होती, आणि त्यासाठी दोन दिवस पुरेसे होते. खरोखर उपचारच घ्यायचे असतील तर नीट रुग्णालय शोधा. एनएबीएच ही संस्था आयुष रुग्णालयांना आणि पंचकर्म केंद्रांना मान्यता देते, ती आहे का ते विचारता येतं.

चौथं, फोनवर हे प्रश्न विचारून घ्या:

- आधी वैद्य तपासतात का? की पोचल्याबरोबर थेट टेबलावर?
- बाईला बाईच तेल लावते ना? पुरुषाला पुरुषच? आपल्या मोठ्या माणसांसाठी हा प्रश्न सगळ्यात मोठा असतो, आणि तो त्यांना स्वतः विचारता येत नाही.
- टेबल किती उंच आहे? चढायला पायरी आणि धरायला हात मिळतो का? लाकडी द्रोणी उंच असते आणि तेलानं निसरडी होते.
- न्हाणीघरात धरायला दांडी आहे का? खोली तळमजल्यावर मिळेल का?
- जेवणाच्या वेळा कोणत्या? मधुमेहाच्या गोळ्या त्या वेळांशी जुळायला हव्यात.
- जवळचा दवाखाना किती लांब आहे?

आणि एक लक्षात ठेवा. अंगाला तेल असताना सगळ्यात मोठा धोका पडण्याचा असतो. तळपाय कोरडे पुसल्याशिवाय आणि चप्पल घातल्याशिवाय एक पाऊलही टाकू देऊ नका. तिथून नवी काढे-चूर्णं दिली तर घरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. आणि एका दिवसात सगळं उरकू नका. सकाळी एक उपचार, दुपारी झोप, संध्याकाळी जमलं तर देऊळ. आम्ही मंगळवारी संध्याकाळी मंगेशी केलं, बुधवारी परतताना कवळ्याला शांतादुर्गेचं दर्शन घेतलं, आणि तेवढंच केलं.

गोव्याला जायलाच हवं असं नाही

"हे सगळं ठीक आहे हो, पण आम्हाला परवडायचं कसं?" हा प्रश्न येणार, आणि तो योग्यच आहे. दोन दिवसांचा खर्च आमच्या तिघांच्या घरात वाटला गेला. पुण्याच्या मावसबहिणीनंही भेट म्हणून वाटा उचलला. हॉलच्या बेतापेक्षा तो बराच कमी होता. तरीही प्रत्येकाला जमेल असं नाही, आणि जमलं तरी ते वर्षातून एकदा. उरलेल्या दिवसांचं काय?

त्यासाठी घरातली काशाची वाटी पुरते. कासं म्हणजे तांबं आणि कथिल यांचा मिश्रधातू. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावायचं आणि वाटीच्या बुडानं हळूहळू गोल फिरवायचं. एका पायाला दहा मिनिटं पुष्कळ झाली. तळवा काळा होतो, तेव्हा जुनी माणसं "उष्णता निघाली" म्हणतात. तो काळेपणा बराचसा धातू आणि तुपाच्या घासण्याचा असतो, पण त्यानंतर लागणारी झोप मात्र खरी असते. तेल गरम करताना वाटी थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्यात ठेवा, आणि आधी स्वतःच्या मनगटावर बघा. अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघा. पायाला जखम किंवा भेगा असतील तर त्या भरेपर्यंत थांबा.

आमच्या घरी आता रविवारी दुपारी ही वाटी निघते. काम दादाच्या मुलीनं घेतलं आहे. ती दहावीला आहे, एरवी मोबाईलमधून मान वर काढत नाही. पण आजीचे पाय मांडीवर घेऊन वीस मिनिटं बसते, आणि त्या वीस मिनिटांत आजी तिला चंदगडच्या गोष्टी सांगते. पहिल्या रविवारी आईनं "राहू दे गं, पाय खराब आहेत माझे" म्हणून पाय ओढून घेतले होते. चौथ्या रविवारी जेवण झाल्यावर ती स्वतःच वाटी शोधत होती. भिंतीकडे तोंड करून पडणं पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही. बाबांची जागा कोणतंही तेल भरून काढणार नाही. पण रविवार दुपारपुरतं तरी ती भिंतीकडे वळत नाही.

वाढदिवसाच्या रात्री आम्ही घरी पोचलो तेव्हा वहिनीनं 75 दिव्यांचं तबक तयार ठेवलं होतं. ओवाळणं झाल्यावर आईनं तिला जवळ बसवलं आणि मला म्हणाली, "आता पुढच्या खेपेला हिला घेऊन जा. दिवसभर माझं करते, हिच्या खांद्याला कोण तेल लावतंय?"

वहिनीनं हसून विषय बदलला, पण दादानं तो धरून ठेवला. संक्रांतीनंतर ती दोघं तिथंच दोन दिवस जाऊन आली, आणि त्या दोन दिवसांत आईचं सगळं मी बघितलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सेवा करणारी बाई, बहुतेक घरांत ती सूनच असते, तिचं अंगही दुखतं. उचलणं, बसवणं, रात्री दोनदा उठणं, हे सगळं तिच्याच पाठीवर येतं. मोठ्यांच्या वाढदिवसाचा बेत करताना तिचे दोन सुट्टीचे दिवसही त्याच वहीत लिहा.

तर मंडळी, तुमच्या घरी यंदा कुणाची साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन आहे? हॉल घ्यायचा तर जरूर घ्या. पण त्याआधी एका रविवारी दुपारी त्यांच्या शेजारी बसा, पाय मांडीवर घ्या, आणि बघा काय होतं. ते आधी नकोच म्हणतील. तुम्ही वाटी सोडू नका.

आणि काय झालं ते आम्हाला जरूर कळवा. तुमच्या घरची तेलं, उटणी, आजीच्या युक्त्याही लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांतल्या निवडक देऊ.